पुडीतले कार्ड

वरवट बकालच्या स्टँडवर उतरून ‘कार्डवाले सर कुठे बसतात’ असे विचारले, तर चहावालाही हातातली किटली खाली न ठेवता माझे दुकान दाखवील. हे नाव लोकांनी कौतुकाने दिले आणि काही वर्षे मीही ते कौतुकाने मिरवले. आता ती हाक ऐकली की कपाळाची शीर उठते. तरीही कोणी तशी हाक मारली तर मी ‘या, बसा’ असेच म्हणतो, कारण समोरच्या माणसावर आवाज चढवणे मला जन्मात जमलेले नाही. कागदावर कदाचित जमेल, या आशेने हे लिहायला बसलो आहे.

मी मूळचा दुरुस्तीवाला नव्हे. सत्तावीस वर्षे मी एका महाविद्यालयाचा ग्रंथपाल होतो. पुढे वाचनकक्षात परीक्षेची बाके आली, पुस्तके कुलपात गेली आणि मी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. वयाच्या एकावन्नाव्या वर्षी खामगावच्या एका क्लासात लॅपटॉप उघडायला शिकलो. शेजारी बसणारे विद्यार्थी माझ्या मुलाच्या वयाचे होते. पहिल्याच दिवशी मी एका स्क्रूचे डोके पिळून गुळगुळीत करून टाकले, तेव्हा त्यांच्यातला एक म्हणाला, “काका, कपाटाचं कुलूप नोहे हे. हळू!”

ग्रंथालयातून मी एकच शिस्त या धंद्यात बरोबर आणली. वाचकाने कोणते पुस्तक नेले हे ग्रंथपालाला ठाऊक असते. ते का नेले, हे त्याने विचारायचे नसते. त्याच न्यायाने गिऱ्हाइकाच्या यंत्रातले फोटो, पत्रे, चित्रफिती मी कधी उघडून पाहिल्या नाहीत. घरातले सगळे खाजगी मोबाइलात भरून माणसे तो परक्या दुकानदाराच्या हाती देतात, आणि काही दुकानांत पुढे काय होते हे मी ऐकून होतो. आपल्याकडे तसे होत नाही, याचा मला अभिमान होता. या शिस्तीनेच पुढे घात केला, म्हणून ती आधीच सांगून ठेवतो.

आता कार्डाविषयी, ज्यांचा या विषयाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी. लॅपटॉपची कामाची मेमरी म्हणजे ग्रंथपालाच्या समोरचे टेबल. त्यावर असलेले पुस्तक हात लांबवला की मिळते. फिरणारी हार्ड डिस्क म्हणजे मागच्या अंधाऱ्या खोलीतली कपाटे. तिथून एकेक पुस्तक आणायला शिपाई पाठवावा लागतो. टेबल लहान असले की शिपायाच्या खेपा वाढतात आणि लोक म्हणतात, लॅपटॉप हळू झाला. अशा वेळी टेबलाशेजारी एक लहानसे फडताळ ठेवून वरचेवर लागणाऱ्या पुस्तकांच्या प्रती त्यात लावल्या, तर काही खेपा वाचतात. मोबाइलात किंवा कॅमेऱ्यात घालतो ते मेमरी कार्ड असे फडताळ होऊ शकते. तशी सोय विंडोजमध्येच असते. टेबल मोठे होत नाही, शिपाई तरुण होत नाही, पण खेपा कमी होतात. एवढाच तो चमत्कार.

अशी कार्डे आमच्याकडे घरोघरी पडलेली. पूर्वी लोक मोबाइलच्या दुकानात जाऊन ‘मेमरी भरून द्या’ म्हणत. दुकानदार आधी कार्ड रिकामे करी आणि मग त्यात गाणी, भजने, सिनेमे भरून देई. नेट स्वस्त झाले, भरणारे गेले, कार्डे उरली. तीच माझ्याकडे येऊ लागली. लॅपटॉप बॅगेत, आणि बॅगेच्या पुढच्या कप्प्यात कागदाच्या पुडीत कार्ड. गिऱ्हाईक काही सांगत नसे, मी काही विचारत नसे. पुडी सोडायची, कार्ड पुसायचे, त्या सोयीला जोडायचे आणि लॅपटॉपच्या बाजूच्या खाचेत कायमचे बसवून द्यायचे. मेमरी भरणाऱ्यांची रीत मी निमूट उचलली होती: आधी रिकामे, मग काम.

या रीतीने माझे नाव मोताळ्यापर्यंत गेले. तिथला एक लग्नांचे फोटो काढणारा गृहस्थ एकदा चार कार्डे आणि ती एकदम लावायचा डबीसारखा जोड घेऊन आला.

“सर, एका कार्डानं दुप्पट पळते म्हणतात. मंग चार जुंपली तं?”

मी म्हणालो, “तसे होत नाही. शिवाय यातली दोन कार्डे इतकी मंद आहेत की विंडोज ती घेणारच नाही.”

“घेत काऊन नाही? बैल नको म्हणते का कधी?”

मी ती लावून दाखवली. विंडोजने दोन कार्डे नाकारली. ते पडद्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “मशीन लय नखरेल हाय बे!” मग माझ्याकडे पाहून जीभ चावली. “तुमाले नाही म्हटलं, सर.” जाताना मात्र नाकारलेली दोन्ही कार्डे माझ्या टेबलावर ठेवून गेले, देवाला वाहिल्यासारखी.

हसण्यासारखे असे पुष्कळ आहे. पण हसता हसता मी एक गोष्ट पाहत होतो आणि पाहूनही गप्प होतो. माझ्याकडे येणारे बहुतेक लॅपटॉप त्या माणसांनी स्वतः निवडलेले नव्हते. कोणा कार्यालयाने, कोणा संस्थेने, कोणा प्रकल्पाने ते एकगठ्ठा घेऊन वाटलेले होते. टेबल सर्वांत लहान, शिपाई सर्वांत म्हातारा. दिवसभर माहिती भरण्याचे काम ज्यांच्या माथी, त्यांच्याच वाट्याला ही यंत्रे. वरच्या साहेबांच्या टेबलावरचे यंत्र मात्र पापणी लवायच्या आत उघडते. खालच्याने तक्रार केली की उत्तर ठरलेले असते: चालवून घ्या. या दोन शब्दांनी माझ्या जिल्ह्यात जितकी माणसे पडद्यासमोर ताटकळली असतील, त्यांच्या वतीने मला मनापासून संताप येतो. ज्याने ते शब्द कधी स्वतःसाठी ऐकले नाहीत, तोच ते दुसऱ्याला ऐकवतो.

कल्पना मॅडमना ते अनेकदा ऐकवले गेले होते. सोनाळ्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात त्या एका संस्थेच्या करारावर शिकवत. वर्गातली काही मुले निहाल वस्तीतली. घरी निहाली बोलणारी; पहिलीत मराठीसमोर बसली की गप्प होत. म्हणून मुलांच्या घरच्या शब्दांतले एक लहानसे चित्रवाचनाचे पुस्तक करायचे मॅडमनी मनावर घेतले होते. ही सगळी माहिती मला नंतर कळली. त्या दिवशी मला दिसला तो फक्त एक काळा लॅपटॉप.

“सर, हे चालू होते तोवर माह्या पोरायची एक कविता पाठ होते,” त्या म्हणाल्या.

मी लॅपटॉप उलटा केला. प्रत्येक स्क्रूवर संस्थेचे स्टिकर होते आणि शेजारी छापलेले होते: उघडल्यास जबाबदारी वापरणाऱ्याची. म्हणजे टेबल वाढवायची सोय नाही, शिपाई बदलायची सोय नाही.

“खोलायची परवानगी मागितली होती मी,” मॅडम म्हणाल्या. “साहेब म्हणे, सध्या चालवून घ्या.”

“बाहेरून जेवढे करता येईल तेवढे करतो,” मी म्हणालो.

त्यांना संग्रामपूरला मीटिंगला जायचे होते आणि बाहेर काळीपिवळी हॉर्न देत होती. चिठ्ठीवर नंबर लिहून, बॅग तशीच माझ्याकडे ठेवून त्या गेल्या. मी पुढचा कप्पा उघडला. आत चौकटीच्या वहीच्या कागदाची पुडी होती. पुडीत कार्ड.

कार्ड लावले तेव्हा आत सेहेचाळीस ध्वनिफिती दिसल्या. नावांच्या जागी नुसते आकडे. गाणी असतील, असे वाटले. तरी हात थांबला, हे खरे. चिठ्ठीवरचा नंबर मी मोबाइलवर दाबलासुद्धा. मग मनात आले, मीटिंग सुरू असेल, चारचौघांत फोन वाजेल. शिवाय परक्या बाईला तिच्या कार्डात काय आहे असे विचारायचे तरी कसे? मी फोन ठेवला. एखादी फीत दोन क्षण वाजवून पाहिली असती तरी भागले असते. पण गिऱ्हाइकाचे काही उघडायचे नाही! मी कार्ड पुसले. त्या क्षणी मी स्वतःला सज्जन समजत होतो, हे आठवले की आजही तळपायाची आग मस्तकात जाते.

पुसून मी सगळेच्या सगळे कार्ड त्या सोयीला देऊन टाकले. मग दुपारभर एकेक कार्यक्रम उघडला, मिटला, यंत्र बंद केले, पुन्हा चालू केले. दर वेळी ते थोडे लवकर उघडे आणि दर वेळी मला बरे वाटे.

चारच्या सुमारास मॅडम आल्या. पडदा पाहून त्यांचा चेहरा फुलला. “अरे बाप्पा! हे तं पळून राह्यलं, सर!” मग त्यांनी बॅग ओढली, पुढचा कप्पा उघडला, चाचपला.

“सर, इथं एक पुडी होती.”

“ते कार्ड आत बसवले आहे,” मी खाचेकडे बोट दाखवले.

“आत?” त्यांनी खाचेवर बोट ठेवले. “अन् त्याच्यातलं?”

“पुसले,” मी म्हणालो. त्या स्टुलावर बसल्या. त्यांनी आरडाओरड केली असती तर मला बरे वाटले असते. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “रोज कॉपी करून राह्यली होती मी. दर वेळी हे मशीन मधातच अटके. म्हणून तं तुमच्याकडे आणलं, सर. हे नीट झालं की पह्यले तेच करणार होती.”

त्या फितींत सुकीबाई होती. निहाल वस्तीतली म्हातारी, मॅडमच्या एका विद्यार्थिनीची पणजी. पाखरांची, कंदांची, शेळ्यांना हाकारण्याची, मुलांच्या खेळांतली नावे आणि गोष्टी. ही बोली बोलणारी माणसे मोजकीच उरली आहेत, आणि त्यांतही इतके सांगणारी मॅडमना दुसरी भेटली नव्हती. तीन उन्हाळे त्या तिच्या दारात बसल्या होत्या.

मी म्हणालो, “दोन दिवस द्या.”

कार्ड पुसणे म्हणजे काय, हेही सांगायला हवे. पुसले म्हणजे आतला मजकूर लगेच नष्ट होत नाही. ग्रंथालयाच्या सूचीची पत्रे फाडावीत तसे ते असते: पुस्तके फळीवर जागच्या जागी असतात, फक्त कोणते कुठे हे कळत नाही. चिकाटीने फळीन् फळी तपासली की ती सापडतात. नुसते पुसून मी थांबलो असतो, तर जवळपास सगळ्या फिती परत मिळाल्या असत्या. पण मी त्याच फळ्यांवर विंडोजच्या प्रती रचू दिल्या होत्या, आणि जिथे नवी प्रत बसली तिथले जुने कायमचे गेले. दुपारभर मी जितक्या वेळा त्या यंत्राचा वेग पाहून खूश झालो, तितक्या वेळा सुकीबाईच्या आवाजावर बोळा फिरत गेला.

दोन दिवसांनी अकरा फिती पूर्ण मिळाल्या. नऊ तुटक. बाकीच्यांच्या जागी काही नाही.

मॅडमनी माझ्या दुकानातूनच साहेबांना फोन लावला. बाहेरच्या गोंगाटात ऐकू यावे म्हणून स्पीकर सुरू केला.

“मॅडम, टेन्शन नका घेऊ,” साहेब म्हणाले. “परत रेकॉर्ड करून घ्या. म्हातारी आहे ना अजून?”

“आहे.”

“मग झालं तर! लॅपटॉपचं पुढच्या वर्षी पाहू. सध्या चालवून घ्या.”

मी हात पुढे केला. मॅडमनी चकित होऊन फोन दिला. माझा आवाज तोंडी परीक्षेतल्या मुलासारखा बारीक निघाला, पण निघाला.

“नमस्कार. मी दुरुस्ती करणारा बोलतो. आपली स्टिकरे मी आत्ता फाडतो आहे. जबाबदारी वापरणाऱ्याची नाही, माझी. नाव लिहून घ्या.”

“कोण बोलतंय?”

मी पूर्ण नाव सांगितले, वडिलांच्या नावासकट, दोनदा. मग फोन मॅडमच्या हाती देऊन स्क्रूड्रायव्हर उचलला. जुनी डिस्क काढून माझ्याकडची नवी, विंडोज घालून ठेवलेली, न फिरणारी डिस्क बसवली, मेमरीची एक पट्टी वाढवली. अर्ध्या तासाचे काम. सवयीने मी कार्डाची सोय उघडून पाहिली, तर विंडोजने कळवले की हे यंत्र आधीच पुरेसे वेगवान आहे, या सोयीने अधिक लाभ व्हायचा नाही. ते नम्र वाक्य मी पुन्हा वाचले. इतकी वर्षे मी जे करत होतो ते दुसऱ्या कोणाचे नव्हे, चालवून घ्या म्हणणाऱ्यांचेच काम होते. त्यांनी निकृष्ट वाटायचे आणि मी पुडीतल्या कार्डाने ते सुसह्य करायचे, म्हणजे त्यांच्यापर्यंत कोणाचा संताप पोचूच नये. स्टिकर तर मी पहिल्या दिवशीही फाडू शकत होतो. कोणी अडवले होते मला? माझ्या भिडस्तपणाने.

पुढच्या रविवारी मी मॅडमबरोबर गेलो. नको म्हणत होत्या, पण चूक मी केली आणि सांगायचे त्यांनी, हे मला बरोबर वाटेना. सुकीबाई दारात बसून शेळीच्या पायातला काटा काढत होती. मॅडमनी सांगितले, हे ते सर. मी हात जोडून, मान खाली घालून सगळे सांगितले. भोवती मुले जमली.

“मंग तुया मशीनले भूक लागली होती का?” म्हातारी म्हणाली. मुले खिदळली.

“हो,” मी म्हणालो.

“अन् माह्या गोठीच्या जागी आता काय हाय त्याच्यात?”

“यंत्राचेच काहीबाही. दुसऱ्या कोणाच्या उपयोगाचे नाही.”

“कचरा भरला म्हण ना!”

“हो.”

“तुले ऐकू आलती का माही गोठ? कशी वाटली?”

“मी ऐकली नाही. न ऐकताच पुसली.”

आतापर्यंत ती थट्टेत होती. आता तिने शेळीचा पाय सोडला. “न ऐकताच?” ती मॅडमकडे वळली. “ऐकून नाही आवडली म्हन्ता तं समजलं असतं मले. हा तं घरात आला, पाणीबी नाही पेला, अन् घर मोडून गेला!”

सत्तावीस वर्षे जपलेल्या माझ्या सभ्यतेविषयी याहून खरे कोणी बोललेले नाही.

मॅडमनी मोबाइल पुढे केला. म्हातारीने तो बाजूला सारला. “मशीनले सांगून झालं. त्यानं हरवलं. आता यानं ऐकावं अन् मले परत म्हणून दाखवावं.”

मी, जो वर्गात हजेरी देतानाही घाबरत असे, त्या अंगणात बसून तिच्यामागून एकेक शब्द म्हणू लागलो. मुले पोट धरून हसत होती. ओठ मिटून एकदम उघडत करायचा एक आवाज मला येईना.

“तोंड उघड ना बे! शब्द का चोरून आणला काय?”

त्यानंतर किती रविवार गेलो, ते मी मोजले नाहीत. माझी उजळणी तिला पटली की मगच ती मॅडमना मोबाइल सुरू करू देई. बरेच परत मिळाले. दर रविवारी परतल्यावर मी त्याच्या तीन प्रती करतो आणि प्रत्येक फीत अथपासून इतिपर्यंत ऐकतो. दुकानातही आता पुडी दिसली की आधी विचारतो, काय आहे यात? दाखवा. कोणी चमकले तर चमकू दे.

पण अडतिसावी फीत मिळाली नाही. मॅडमच्या आठवणीप्रमाणे ती सर्वांत लांब होती. सुकीबाईची बहीण लहानपणी सांगायची ती गोष्ट. मी ती पुन्हा सांगण्याची विनंती केली. म्हातारीने मान हलवली.

“ते मी एकडाव सांगितलं. सुरू केलं तवा मले येते हेच माहीत नव्हतं. बोलता बोलता आलं. आता बलावलं तं येईन का?”

दोनदा तिने प्रयत्न केला. दोन्ही वेळा मध्येच थांबली आणि शेळ्यांकडे निघून गेली. मी पुन्हा विचारले नाही.

या सेहेचाळीस फितींची मी ग्रंथालयाच्या पद्धतीने दाखल नोंदवही केली आहे: क्रमांक, विषय, सांगणाऱ्याचे नाव, शेरा. ग्रंथालयात पुस्तक सापडेनासे झाले की आम्ही शेऱ्याच्या रकान्यात ‘गहाळ’ लिहीत असू. सोयीचा शब्द. पुस्तक जणू स्वतःच्या पायाने निघून गेले. अडतिसाव्या ओळीशी आलो तेव्हा हात सवयीने त्याच शब्दाकडे गेला, आणि पहिले अक्षर उमटलेही. मी ते खोडले. ती खोड वहीत तशीच आहे. तिच्यापुढे लिहिले: न ऐकता पुसली. खाली माझे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.